आधी पाळी लावा, मग नंबर छापा

वरंध, माझेरी, शिवथर, बिरवाडीतले पालक आणि शिक्षक, कॉलेजात जाणारी मुलंमुली, पोलादपूरकडची उमरठ-कापड्याची मंडळी आणि गणपती-शिमग्याला गावी येणारे मुंबईकर, तुम्हा सगळ्यांना एक काम सांगायचं आहे. आपल्या खोऱ्यातल्या विद्यार्थ्यांना अडलंनडलं विचारायला एक सामाईक व्हॉट्सॲप नंबर सुरू करू या. प्रवेश, दाखले, शिष्यवृत्ती, परीक्षेचा फॉर्म, न सुटलेलं गणित, घरात किंवा मनात चाललेली घालमेल, काहीही असो. मुलाने त्या नंबरवर लिहावं आणि ठरलेल्या वेळेत त्याला माणसाकडून उत्तर मिळावं. नंबर काढायला अर्धा तास लागतो. उत्तर देणारी माणसं उभी करायला महिना लागेल. म्हणून मी नंबरपेक्षा माणसांबद्दलच जास्त बोलणार आहे.

पोराने विचारायचं कुणाला?

2025 सालापासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. त्याआधी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आपल्याकडे निकाल लागला की गुणपत्रक घेऊन महाडला किंवा पोलादपूरला जायचं, कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म भरायचा, की काम झालं. आता आधी नोंदणी, मग अर्जाचा पहिला भाग, मग दुसऱ्या भागात दहापर्यंत कॉलेजं पसंतीच्या क्रमाने टाकायची, मग फेरीच्या यादीवर लक्ष ठेवायचं. त्यात 2025 चा नियम असा होता की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागे. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. शहरातल्या मुलाला हे सांगायला क्लास असतो, शेजारचे ताई-दादा असतात. माझेरीच्या मुलीने कुणाला विचारायचं? वडील एमआयडीसीत शिफ्टला, आई शेतावर, दोघांनीही कॉलेजची पायरी चढलेली नाही. वर्गशिक्षक सुट्टीला आपल्या गावी गेलेले. मग फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराने घाईत जे कॉलेज वर टाकलं, ते तिच्या वाट्याला येतं.

पैशाच्या बाबतीतही असंच होतं. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर या परीक्षेतून निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे 48 हजार झाले. 2024-25 पासून राज्यात इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आपल्या खोऱ्यातली बहुतेक घरं या मर्यादांत बसतात. अडतं ते वेळेपाशी. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेव, जात पडताळणीचा अर्ज बारावीचा निकाल लागायच्या आत टाक, नॉन-क्रीमीलेअरची मुदत बघ, हे मुलाला कुणीतरी आधी सांगावं लागतं. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागल्यावर कळून उपयोग नसतो.

महाड तालुक्यातल्या माणसाला कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतलं अंतर समजावून सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा, सभासद बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण अस्पृश्य मानलेल्यांचा हात त्या पाण्याला लागला तो 20 मार्च 1927 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं चालत तळ्यावर गेली तेव्हा. शिष्यवृत्तीची दारं आज कायद्याने उघडी आहेत. त्या दारापर्यंत मुलाबरोबर चालणारं माणूस द्यायचं काम आपलं आहे.

ग्रुप आहेत, मग हे कशाला?

वर्गाचा ग्रुप आहे, वाडीचा आहे, मंडळाचा आहे, हे खरं. पण ग्रुपवर पडलेला प्रश्न कुणा एकाचा नसतो, म्हणून तो कुणाचाच होत नाही. सकाळच्या सुप्रभातात आणि वाढदिवसाच्या केकांत तो अर्ध्या तासात वर सरकून जातो. पाहिलेलं असतं साठ जणांनी, आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी सांगेल. शिवाय ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आठवीतली मुलगी तिथे लिहीत नाही, लिहू दिलं जात नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्याला गणित येत नाही तोही चारचौघांत सांगत नाही.

दुसरी पद्धत आहे ती एखाद्या चांगल्या गुरुजींचा खाजगी नंबर. खोऱ्यात असे दोन-चार शिक्षक असतातच, ज्यांच्याकडे रात्री दहालाही फोन जातो. त्यांचे उपकार आहेत. पण त्यांची बदली झाली, घरात आजारपण आलं, की सगळी सोय त्यांच्याबरोबर निघून जाते. कुणाला काय सांगितलं होतं, कुणाचा अर्ज कुठे अडकला होता, हे त्यांच्या फोनमध्येच राहतं.

सामाईक नंबर या दोन्हींच्या मधला आहे. मुलाच्या बाजूने तो खाजगी असतो. त्याने काय विचारलं ते इतर मुलांना दिसत नाही. उत्तर देणाऱ्यांच्या बाजूने तो सामाईक असतो. पाळीवरच्या सगळ्यांना जुनं संभाषण दिसतं, म्हणून आज एकाने धरलेला धागा उद्या दुसरा पुढे नेऊ शकतो. यासाठी नवं काही बनवावं लागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेस नावाचं ॲप फुकट मिळतं. त्यात एका नंबरला मूळ फोनशिवाय आणखी चार यंत्रं जोडता येतात, संभाषणाला लेबल लावता येतं, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात आणि पाळी नसेल तेव्हा आपोआप निरोप पाठवता येतो. एक ध्यानात ठेवा: मूळ फोन चौदा दिवस उघडलाच नाही, तर जोडलेली यंत्रं सुटतात. तो फोन आठवड्यातून एकदा तरी उघडायलाच हवा.

नुसत्या मेसेजने मूल शिकत नाही

कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने नोव्हेंबर 2020 मध्ये ‘स्वाध्याय’ उपक्रम सुरू केला. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्नसंच यायचा, मुलांनी सोडवायचा. आपल्याकडच्याही अनेक घरांनी तो पाहिला. त्याने एक गोष्ट दाखवली: वाडीवरच्या घरापर्यंत शाळा फोनमधून पोचू शकते.

पण पोचणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. त्याच 2020 साली आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशात सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक अभ्यास झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे साधे एसएमएस गेले. काही घरांना एसएमएस गेले आणि वर शिकवणाऱ्या माणसाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही. ज्यांना फोन आला त्या मुलांचं गणित सुधारलं. नुसत्या एसएमएसचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. या अभ्यासातून आपण घ्यायचं ते हेच की पलीकडे आपल्या मुलाचं नाव ठाऊक असलेला आवाज असावा लागतो. म्हणून आपल्या नंबरवरून रोज माहितीचे मेसेज पाठवत बसू नका. जो विचारतो त्याला उत्तर द्या, आणि दोन निरोपांत उमगलं नाही तर सरळ फोन लावा.

हल्ली आपोआप उत्तर देणारी यंत्रंही मिळतात. वेळ सांगायला, कागदपत्रांची यादी पाठवायला ती चालतील. पण शेवटची तारीख, शुल्क, पात्रता यांचं उत्तर माणसाने त्या दिवशीची अधिसूचना बघूनच द्यावं. चुकीच्या तारखेने मुलाचं वर्ष जातं.

पहाऱ्यासारखी पाळी

आपल्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. हे कसं जमतं? सप्ताह बसायच्या आधी पहाऱ्याची यादी लागते. कोणत्या वाडीचे कोण, कोणत्या प्रहराला, हे फळ्यावर लिहिलेलं असतं, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय आधीचा वीणा गळ्यातून काढत नाही. आपला नंबर असाच चालला पाहिजे. यादी आधी, आणि पुढचा घेणारा आल्याशिवाय आधीच्याची सुटका नाही.

माणसं कोण? सात-आठ पुरेत. दोन शिक्षक, त्यांत एक बाई हव्यातच. महाडच्या किंवा पोलादपूरच्या कॉलेजात, नाहीतर लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारी आपल्याच गावांतली दोन मुलं. प्रवेशाचा फॉर्म त्यांनी नुकताच भरलेला असतो, खाचखळगे ताजे असतात. सेतू केंद्र किंवा ग्रामपंचायतीत संगणकावर काम करणारं एक माणूस, दाखल्यांसाठी. आरोग्य केंद्रातलं किंवा आशाताईंपैकी एक. आणि उरलेली दोन मुंबईतून.

मुंबईकरांना हे मुद्दाम सांगतो. गावोगावची मुंबईतली मंडळं देवळाचा जीर्णोद्धार करतात, पालखीला येतात, वह्या वाटतात. तुमच्यात बँकेत, विमा कंपनीत, महापालिकेत, संगणक क्षेत्रात काम करणारे पदवीधर आहेत. तुम्हाला यासाठी गावी यायची गरज नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, लोकलमधून घरी पोचल्यावर दोन तास, एवढीच पाळी घ्या. बारावीच्या मुलाला अकाउंटचा ताळेबंद फोनवर समजावून देणं हे शंभर वह्या वाटण्याच्या तोडीचं काम आहे.

वेळ कोणती? घरात बहुधा एकच मोठा फोन असतो, आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. मूल लिहिणार ते फोन घरी आल्यावर, संध्याकाळी सातनंतर. म्हणून पाळी रोज रात्री 7 ते 9. आणि वचन एवढंच द्या जेवढं पाळता येईल: आज रात्री नऊपर्यंत आलेल्या प्रश्नाला उद्या रात्री नऊच्या आत उत्तर. चोवीस तास सेवा असं फलकावर छापू नका. एकदा लिहून चार दिवस उत्तर आलं नाही की मूल दुसऱ्यांदा लिहीत नाही, आणि आपल्या मैत्रिणीलाही सांगतं, तिथे काही होत नाही.

एक प्रश्न कसा हाताळायचा

समजा, मंगळवारी रात्री सव्वाआठला निरोप येतो: “दादा माझी स्कॉलरशिप आली नाय, सगळ्यांची आली.” एवढंच. नाव नाही, कॉलेज नाही, अर्ज क्रमांक नाही. त्या दिवशी पाळीवर लोणेऱ्याला शिकणारा मुलगा आहे. तो एकदम दहा प्रश्न विचारत नाही. तो लिहितो: “काळजी करू नको, बघू या. महाडीबीटी पोर्टलवर तुझा अर्ज उघड आणि स्थिती काय लिहिली आहे त्याचा फोटो पाठव. आधार नंबर दिसत असेल तर त्यावर बोट ठेव.” आणि खाली आपलं नाव. नाव हवंच, कारण फुकटच्या ॲपमध्ये कोणी उत्तर दिलं ते आपोआप दिसत नाही.

फोटो येतो. कॉलेजने अर्ज पुढे पाठवलेला आहे, खात्याने मंजूरही केलेला आहे, पण पैसे जमा नाहीत. म्हणजे कॉलेजच्या क्लार्ककडे खेटे घालून उपयोग नाही; घोळ बँकेत आहे. शिष्यवृत्तीचे पैसे जातात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. विचारल्यावर कळतं, या मुलीने कॉलेजात गेल्यावर नवं खातं उघडलं, पण आधार मात्र पाचवीत असताना शाळेने उघडून दिलेल्या जुन्या खात्याशीच बांधलेलं राहिलं. उत्तर जातं: “उद्या आईबरोबर नव्या बँकेत जा. डीबीटीसाठी आधार या खात्याला जोडा, असा फॉर्म भर. आधारची आणि पासबुकाची झेरॉक्स लागेल. पोचपावती घेतल्याशिवाय निघू नको.” संभाषणाला ‘पाहतोय’ हे लेबल लागतं आणि पाळीवाल्यांच्या सामाईक वहीत एक ओळ पडते: तारीख, आद्याक्षर, अडचण, पुढची पायरी.

शुक्रवारी पाळीवर बाई असतात. वही उघडून त्या आपणहून विचारतात, “बँकेत गेलीस का?” इथेच सामाईक नंबरची खरी परीक्षा आहे. उत्तर देऊन मोकळं होणं सोपं असतं. मूल बँकेत गेलं, तिथे त्याला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, ते परत आलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. खात्यात पैसे आल्याचं मुलीने कळवलं की मगच ‘मिटलं’. ‘मिटलं’ हे विचारणाऱ्याने म्हणायचं, उत्तर देणाऱ्याने नाही.

वहीचा आणखी एक फायदा आहे. महिनाअखेर ती चाळली की दिसतं, एकाच बँकेत अकरा मुलांचं आधार अडलं आहे, किंवा एकाच वाडीतल्या सात जणांकडे जातीचा दाखला नाही. मग ती सुटी अडचण राहत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने किंवा ग्रामपंचायतीने ती यादी नावं न लिहिता बँकेकडे, तहसीलदारांकडे न्यावी आणि शाळेतच दाखल्यांचं शिबिर मागावं. महसूल खातं महाराजस्व अभियानात अशी शिबिरं घेतं. अकरा पोरं अकरा वेळा वीसेक किलोमीटर एसटीने महाडला जाण्यापेक्षा एक टेबल वरंधला येणं स्वस्त आहे.

ज्यांच्याकडे मोठा फोन नाही

कातकरी वाड्या आणि घाटातले धनगरवाडे विसरून केलेली सोय ही अर्धी सोय आहे. तिथे साधा फोन असतो, तोही कधी रिचार्जविना. म्हणून नंबर नेहमीच्या कॉललाही चालू ठेवा. मिस्ड कॉल आला की मूळ फोन ज्याच्याकडे असेल त्याने त्यावरूनच उलट फोन करायचा. ज्याला लिहायला अवघड जातं त्याने आवाजात बोलून पाठवावं, आपणही आवाजातच उत्तर द्यावं, त्याच्या बोलीत.

भातकापणी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, आणि मुलं त्यांच्याबरोबर. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते दाखवलं की जिथे गेलं तिथल्या शाळेत मुलाला बसता येतं. निघायच्या आधी ते कार्ड आणि आपला नंबर, दोन्ही आईच्या हातात पडली पाहिजेत. भट्टी पनवेलकडे असो की पुण्याकडे, नंबर तोच राहतो. दिवाळीनंतर महिन्यातून एकदा आपणच फोन करून विचारायचं, मूल शाळेत जातं का?

जपायच्या गोष्टी

इथे मुलांशी मोठी माणसं खाजगीत बोलणार आहेत. म्हणून नियम पहिल्या दिवसापासून लिहून, सही करून भिंतीवर लावा.

बोलणं फक्त सामाईक नंबरवरून. पाळीवरच्या कुणीही मुलाला आपला खाजगी नंबर देऊ नये, मुलाचा घेऊ नये. कुठलंही संभाषण पुसू नये. ते दुसऱ्या कुणाला तरी दिसतंच, ही जाणीव दोन्ही बाजूंना संरक्षण देते. मुलीने बाईंशी बोलायचं म्हटलं तर कारण न विचारता बाईंकडे द्यायचं.

ओटीपी आणि पासवर्ड कधीही मागायचा नाही, मुलाने आपणहून पाठवला तरी वापरायचा नाही. कागदपत्राचा फोटो काम झाल्यावर फोनच्या गॅलरीतून काढून टाकायचा. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची अट आहे. जूनमधल्या पालकसभेत साध्या मराठीत एक पानी संमतीपत्र भरून घ्या. शिष्यवृत्तीच्या नावाने कुणी पैसे उकळले, तर तासाभराच्या आत सायबर मदतीचा 1930 हा क्रमांक लावायला सांगा.

आणि सगळ्यात जड गोष्ट. कधी तरी रात्री निरोप येईल, “मला जगावंसं वाटत नाही.” किंवा कुणी अंगाला हात लावतो, असं एखादी मुलगी अर्ध्या वाक्यात लिहील. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 13 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. म्हणून असा निरोप आपल्याकडे येणारच नाही, असं धरून चालू नका.

तेव्हा काय करायचं ते आजच ठरवा. मेसेज लिहीत बसायचं नाही, लगेच फोन लावायचा. शांतपणे ऐकायचं. “असं बोलू नये”, “आईबापाचा विचार कर” ही वाक्यं टाळायची. आत्ता तुझ्याजवळ कोण आहे, हे विचारायचं आणि त्या वाडीतल्या विश्वासाच्या माणसाला मुलाजवळ जाऊन बसायला सांगायचं. टेलि-मानस हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, 14416. ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीत बोलता येतं. गरज पडली तर आपत्कालीन मदतीचा 112. “कुणाला सांगणार नाही” असं वचन द्यायचं नाही. “ज्यांना सांगितल्याने तुला मदत होईल, त्यांनाच सांगेन” एवढंच म्हणायचं. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. गावात मिटवामिटवी करणं हा गुन्ह्याला हातभार आहे. बालकांसाठीचा 1098 हाही क्रमांक पाठ हवा.

आपण समुपदेशक नाही, हे मनात पक्कं असू द्या. पण साध्या माणसाच्या ऐकण्यालाही मोल आहे. 1953 मध्ये लंडनमध्ये चॅड वाराह या धर्मगुरूंनी निराश माणसांसाठी फोनसेवा सुरू केली. भेटायला येणाऱ्यांची रांग लागायची, आणि थांबलेल्यांना चहा द्यायला, सोबत बसायला साधे स्वयंसेवक असायचे. वाराह यांच्या ध्यानात आलं की कित्येकांचं मन त्या स्वयंसेवकांशी बोलूनच हलकं होतं. पुढे ते काम त्यांनी स्वयंसेवकांच्याच हाती सोपवलं. ऐकणं आपण करू शकतो, उपचार तज्ज्ञांचे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायला हवं. आपल्या शाळांना याची विचारणा करा. नंबर सुरू होण्याआधी त्या तज्ज्ञाचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असला पाहिजे.

पावसाळा धरून चाला

22 जुलै 2021 ला तळीये गावावर दरड आली आणि 80 हून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत महाड शहर पाण्याखाली होतं, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. आपल्याकडे ज्या दिवशी मुलांना सर्वांत जास्त आधार लागतो त्याच दिवशी फोन बंद असतो, हे गृहीत धरा. प्रत्येक वाडीत एक माणूस नेमलेला असावा, ज्याच्याकडे वाडीतल्या विद्यार्थ्यांची नावं कागदावर आहेत. फोन नसेल तेव्हा प्रश्न त्याच्या वहीत लिहायचे, रस्ता सुरू झाला की वही शाळेत.

आणि मे महिन्यातच प्रत्येक दहावी-बारावी झालेल्या मुलाला डिजिलॉकर उघडून द्या. बोर्डाची गुणपत्रकं तिथे मिळतात. पुरात भिजलेल्या कागदांसाठी पुन्हा दारोदार फिरण्याची वेळ मुलांवर येऊ देऊ नका.

सुरुवात अशी करा

पहिल्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. सिमकार्ड कुणाच्या नावावर घ्यायचं, फोन कुठे राहील आणि ॲपचा पिन बंद पाकिटात कुणाकडे असेल, हे इतिवृत्तात लिहा. खर्च जुन्या फोनचा आणि रिचार्जचा. यासाठी वर्गणीची पावती फाडू नका.

दुसऱ्या आठवड्यात नेहमीचे तीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून काढा: उत्पन्नाच्या दाखल्याला काय लागतं, हॉलतिकिटावर नाव चुकलं तर कुठे जायचं, फेरपरीक्षा कधी असते. उत्तरं तहसील कार्यालयात आणि कॉलेजात दाखवून तपासून घ्या.

तिसऱ्या आठवड्यात फक्त दहावीच्या एका वर्गाला नंबर द्या. काय येतं, किती येतं ते बघा. मग चौथ्या आठवड्यात बाकीच्या शाळांना. दर महिन्याला तीन आकडे ग्रामसभेत वाचा: किती प्रश्न आले, किती वेळेत सुटले, किती अजून अडलेत. तिसरा आकडा लपवू नका. गावाची मदत तिथेच लागणार आहे.

हे वाचून बरं वाटलं आणि कागद बाजूला ठेवला, असं होऊ देऊ नका. येत्या रविवारी शाळेत किंवा देवळात दहा माणसं जमवा. कोऱ्या कागदावर सात वार लिहा आणि प्रत्येक वारापुढे एक नाव. सातही नावं होईपर्यंत नंबर कुठेही छापायचा नाही. सहाच झाली, तर सातवं तुमचं लिहा.